सातवा रकाना

करकचेरीच्या समोर फोटोकॉपीचं एक दुकान होतं. त्या दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात एक टेबल, दोन खुर्च्या आणि गळ्यातून कुरकुरणारा एक पंखा, एवढ्या पसाऱ्यात बसून एक बाई सव्वीस वर्षं लोकांचे कराचे फॉर्म भरत होत्या. गल्लीत त्यांना सगळे रकानेबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई म्हणत, पाठीमागे रकानेबाई. बाईंना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचा राग नव्हता.

त्यांच्याकडे येणाऱ्याला आधी बोलणी खावी लागत. एकदा एक शिंपी आला. म्हणाला, "भावाची दोन पोरं माझ्याच घरी जेवतात. माझ्या नावावर टाका, तेवढीच सूट मिळेल."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "जेवतात ती ताटात. रकान्यात नाही."

"अहो पण मीच तर सांभाळतो त्यांना!"

"सांभाळता ते चांगलं करता. इथे आहे ते लिहायचं, असावंसं वाटतं ते नाही."

शिंपी पाय आपटत गेला, शेजारच्या एजंटाकडून दोन पोरं नावावर टाकून घेतली आणि सात महिन्यांनी नोटीस हातात धरून बाईंच्या पुढ्यात येऊन बसला. असं दर वर्षी कुणाचं ना कुणाचं होई. बाईंनी भरलेला फॉर्म मात्र सव्वीस वर्षांत कधी परत आला नव्हता. या एका गोष्टीचा त्यांना गर्व होता, आणि तो त्या लपवतही नसत. टेबलामागे भिंतीवर परवाना लावलेला होता. त्याची काच त्या रोज सकाळी पदराने पुसत.

फॉर्मवरचा सातवा रकाना वैवाहिक स्थितीचा. विवाहित, अविवाहित, विधवा किंवा विधुर, घटस्फोटित. चारांतलं एक लिहायचं. एकवीस वर्षांपूर्वी एक छत्तिशीचा माणूस लाकडी पेटी मांडीवर घेऊन बाईंसमोर बसला होता. दुकानादुकानांत जाऊन वजनकाटे तपासायचे आणि बिघडले असतील तर दुरुस्त करायचे, हा त्याचा धंदा. पेटीत पाच किलोपासून एक ग्रॅमपर्यंतची पितळी वजनं आपापल्या खळग्यांत बसवलेली असत. सातव्या रकान्याशी बाई आल्या तेव्हा तो म्हणाला, "अविवाहित. अजून तरी."

"'अजून तरी'ला जागा नाही," बाई वर न बघता म्हणाल्या.

काटेवाला मोठ्याने हसला. पुढच्या आठवड्यात फॉर्म पोचला का ते विचारायला आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात परत तर नाही ना आला, ते विचारायला आला. फॉर्म काही परत येत नव्हता आणि हा काही यायचा थांबत नव्हता. शेवटी बाईच म्हणाल्या, "तुमचं नक्की काम काय आहे ते एकदा सांगून टाका." त्याने सांगून टाकलं.

वर्षभरात बाई एक बॅग आणि शिवणयंत्र घेऊन त्याच्या घरी राहायला गेल्या. घर गृहमंडळाचं, तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, भाडेकरार त्याच्या नावावर. लग्न करायचंच होतं. पण बाईंचे वडील परगावी अंथरुणाला खिळलेले, आणि त्यांनी साफ सांगितलं होतं की वजनं विकणाऱ्याशी लग्न केलंस तर माझं तोंड बघू नकोस. तो वजनं विकत नाही, तपासतो, हे त्यांना पटवायला कुणाला वेळ नव्हता. म्हाताऱ्याला जायला चार वर्षं लागली. तोवर जिन्यात जो तो बाईंना वहिनी म्हणू लागला होता. समोरच्या दारातली शेजारीण तर साखर मागायला यायची तीसुद्धा 'भाऊजी आहेत का घरात' असं विचारत.

आता लग्न करायचं म्हणजे नोंदणी आली, आणि नोंदणीचं कार्यालय करकचेरीच्याच इमारतीत तळमजल्यावर. जिन्याखाली काचेचा सूचना फलक होता. लग्न करू इच्छिणाऱ्यांची नावं, वयं, पत्ते त्यावर तीस दिवस लावत. बाई रोज त्याच जिन्याने वर जात आणि त्यांची निम्मी गिऱ्हाइकंही त्याच जिन्याने जात. एकदा काटेवाल्याने अर्ज भरून आणला, धुतलेला शर्ट घातला आणि दोघं फलकापर्यंत गेलीही. तेवढ्यात दोन ओळखीची माणसं "काय बाई, आज इकडे?" म्हणत बाजूने गेली. लोकांना सचोटीचे धडे देणारी बाई पाच वर्षं एकाच्या घरात तशीच राहत होती, हे तीस दिवस काचेत टांगायचं?

"पुढच्या महिन्यात येऊ," त्या म्हणाल्या.

पुढचा महिना काही आला नाही. आणखी दोनदा जाऊन दोघं परत आली, मग तो विषयच मागे पडला. पन्नाशीला आलेल्या माणसांनी आता कशाला नसती उठाठेव करायची, असं बाई म्हणत. काटेवाला म्हणे, "तू म्हणशील तसं." हे तो प्रत्येकच बाबतीत म्हणत असे, त्यामुळे त्यातलं कुठलं मनापासूनचं ते कळायला मार्ग नव्हता.

दाराबाहेर बाई त्याला अहो म्हणत. "अहो, किल्ली घेतलीत का?" जिनाभर ऐकू जाई. दार लागलं की "पुन्हा किल्ली विसरलास ना रे?" अहो हे जिन्यासाठी होतं आणि तू घरासाठी. काटेवाल्याला याची फार गंमत वाटे. कधीकधी तो मुद्दाम एक पाय उंबऱ्याबाहेर आणि एक आत ठेवून उभा राही आणि म्हणे, "आता काय म्हणशील?"

पण फॉर्मवर बाई खोटं लिहीत नसत. दर वर्षी एका रविवारी सकाळी त्या दोघांचे फॉर्म पुढ्यात घेऊन बसत आणि दोन्हींवर सातव्या रकान्यात वळणदार अक्षरात अविवाहित लिहीत. विवाहितांना सूट होती. ती घेतली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण बाईंना ती चोरी वाटे. जिन्यात अहो म्हणणं हे लोकांच्या समाधानासाठी, ते कुठे लिहून द्यायचं नसतं. लिहून द्यायचं ते खरं, असा त्यांचा हिशेब होता.

आठ वर्षांपूर्वी बाईंच्या पित्ताशयात खडे झाले. शस्त्रक्रिया झाली, जखम चिघळली आणि दहा दिवसांचे तेवीस दिवस झाले. बाईंनी स्वतःचा फॉर्म आधीच देऊन टाकला होता. काटेवाल्याचा राहिला होता, कारण पावत्या वेळेवर देईल तर तो काटेवाला कसला. शेवटची तारीख दवाखान्यातच येऊन गेली. त्याने करकचेरीतून कोरा फॉर्म आणि माहितीपुस्तिका आणली, दवाखान्याच्या बाकावर बसून चष्मा लावून सगळी पुस्तिका पहिल्या पानापासून वाचून काढली आणि फॉर्म आपल्या हाताने भरून देऊन आला.

घरी आल्यावर बाईंनी त्याची प्रत पाहिली. सातव्या रकान्यात, रकान्याबाहेर जाणाऱ्या मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, विवाहित. पत्नीचं नाव, बाईंचं. पत्नीचा व्यवसाय, 'माझे सगळे फॉर्म भरते.'

बाईंनी प्रत त्याच्यापुढे धरली. "अरे, हे काय करून ठेवलंस? माझ्या फॉर्मवर अविवाहित आणि तुझ्यावर विवाहित! दोघांतलं एक खोटं ठरणार, आणि परवाना माझा जाणार!"

"अगं, पुस्तिकेत दिलंय. टीप चौदा. त्यात असं म्हटलंय की..."

"मला पुस्तिका शिकवणार आता तू? अठरा वर्षं झाली मला या धंद्यात!"

टाके अजून ओले होते तरी बाईंनी टेबलाशी बसून दुरुस्तीपत्र लिहिलं. 'सातव्या रकान्यात माझ्याकडून चुकून विवाहित असे लिहिले गेले. सदर व्यक्तीशी माझा विवाह झालेला नाही. आम्ही पती-पत्नी नाही व तसा आमचा दावाही नाही.' शेवटचं वाक्य कशाला लिहिलं, ते त्यांचं त्यांनाच कधी कळलं नाही. गिऱ्हाइकाचं काम पक्कं करायची सवय, दुसरं काय. सहीच्या जागी पेन्सिलीने फुली मारली आणि कागद त्याच्याकडे सरकवला.

"इथे?" त्याने विचारलं.

"फुली आहे तिथे."

त्याने सही केली. मग पेटी उघडून सगळी वजनं काढली आणि दुपारभर एकेक घासत बसला. ती मुळातच लख्ख होती. दोन दिवस तो हो-नाहीपलीकडे बोलला नाही, तिसऱ्या दिवशी किल्ली विसरला, बाई ओरडल्या आणि सगळं पूर्ववत झालं. टीप चौदाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

यंदा एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला तो एका किराणा दुकानात काटा तपासत होता. दोन किलोचं वजन पारड्यात ठेवलं, आकडा वहीत लिहिला आणि तिथेच पोत्यांवर कलंडला. दुकानदाराने फोटोकॉपीच्या दुकानात फोन केला. बाई आणि समोरची शेजारीण दवाखान्यात पोचल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. बाईंनी खाटेवर वाकून त्याचा खांदा हलवला. "ए, ऊठ ना रे. ऊठ. उठतोस की नाही?" शेजारीण चपापली. वीस वर्षांत तिच्यादेखत बाईंनी त्याला अहोखेरीज काही म्हटलं नव्हतं.

दवाखान्यातल्या कारकुनाने विचारलं, "पेशंटशी नातं?"

"बायको आहे," शेजारीण म्हणाली.

कारकुनाने 'पत्नी' लिहिलं. बाईंनी ते पाहिलं. रकान्यात नाही ते लिहिलेलं पाहूनही त्या काही बोलल्या नाहीत, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. ते आपल्याला किती आवडलं याची त्यांना घरी आल्यावर लाज वाटली.

परगावाहून त्याचा धाकटा भाऊ आला. पुढचं सगळं त्याने उरकलं, आठ दिवस राहिला आणि जाताना म्हणाला, "वहिनी, काही लागलं तर सांगा." तो हाडाचा सरळ माणूस होता. तो गेला आणि दुसऱ्या आठवड्यात गृहमंडळाचं पत्र आलं. भाडेकरूच्या मृत्यूमुळे करार संपुष्टात आला आहे. मृताची पत्नी किंवा पती असल्यास तीस दिवसांत अर्ज करून करार आपल्या नावे करून घ्यावा, अन्यथा घर रिकामं करावं.

बाईंच्या जिवाला घोर लागला. जायला दुसरी जागा नव्हती. पण जागेपेक्षाही जास्त असं काहीतरी होतं. खिडकीच्या चौकटीवर त्याने काट्याचा स्क्रू काढायच्या छोट्या पेचकसाने दर वर्षाचा आकडा कोरून ठेवला होता. मोरीच्या दारामागे त्याचा टॉवेल अजून खुंटीला होता. हे सोडून जायचं म्हणजे इथे आपण राहतच नव्हतो असं कबूल करण्यासारखं होतं.

मंडळाच्या अर्जात मात्र एक आशेचा रकाना निघाला. 'विवाह नोंदलेला नसल्यास: दहा वर्षे किंवा अधिक काळ एकत्र राहून समाजात व शासनदरबारी पती-पत्नी म्हणून वावरलेले असल्यास पुरावे जोडावेत.' बाईंनी ते चारदा वाचलं, दर वेळी 'शासनदरबारी' या शब्दाशी अडखळल्या आणि पुढे गेल्या. मग चौदा शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, दवाखान्याचा कागद जोडला, वीस वर्षांची विजेची बिलं क्रमाने लावली. अर्ज असा देखणा झाला की खिडकीवरच्या माणसाने तो घेताना मान डोलावली. जिन्यातले सगळे म्हणाले, वहिनी, आता घोर सोडा. बाईंनाही तसं वाटू लागलं. त्या रात्री नीट जेवल्या.

सुनावणीच्या खोलीत एक लांब टेबल, पाच खुर्च्या आणि एक बंद पडलेलं घड्याळ होतं. अधिकारी तरुण होता, सर्दीने हैराण झालेला, आणि माणूस वाईट नव्हता. त्याने शेजारणीला विचारलं, "हे दोघं पती-पत्नी म्हणून राहत होते हे तुम्ही कशावरून सांगता?"

"दारं समोरासमोर आहेत साहेब," शेजारीण म्हणाली. "लग्न न झालेली माणसं दुधाच्या पिशवीवरून एवढी भांडत नाहीत."

अधिकाऱ्याने हसू रुमालात लपवलं. मग सुनावणीसाठी परगावाहून आलेल्या भावाला विचारलं, "लग्नाला हजर होतात?"

"बोलावलंच नाही मला," भाऊ म्हणाला. "तेव्हापासून दादावर रुसलोय मी." सगळे हसले. खोलीतली हवा सैल झाली. बाईंनाही क्षणभर वाटलं की आता हा कागदावर शिक्का मारणार आणि आपण घरी जाऊन चहा टाकणार.

"शासनदरबारी काय नोंद आहे तेवढं बघू," अधिकारी म्हणाला आणि करकचेरीतून मागवलेली फाईल त्याने पुढे ओढली. पानं उलटू लागला. अविवाहित. अविवाहित. अविवाहित. दर पानागणिक त्याचा चेहरा उतरत गेला. बाई हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. मग तो एकदम थांबला.

"हे बघा! आठ वर्षांपूर्वी. विवाहित. पत्नीचं नावही आहे. एक नोंद असली तरी पुरते मला." त्याने पुढचं मोठ्याने वाचलं. "'पत्नीचा व्यवसाय: माझे सगळे फॉर्म भरते.'"

भाऊ खो खो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. बाई हसल्या नाहीत. त्या पानाच्या मागे काय लावलेलं आहे ते त्या खोलीत त्यांना एकट्यांना ठाऊक होतं. अधिकाऱ्याने पान उलटलं. वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे अक्षर कुणाचं आहे?"

शेजारणीने टेबलाखालून बाईंचा हात दाबला. नाही म्हणता आलं असतं. काटेवाल्याचं आहे म्हणून सांगितलं असतं तर तपासायला कोण येणार होतं?

"माझं," बाई म्हणाल्या. "सही त्याची. मजकूर माझा."

अधिकाऱ्याने पान तसंच उघडं ठेवलं. नाक पुसलं, चष्मा पुसला. "बाई, त्यांनी लिहिलं होतं ते बरोबर होतं हो. त्याच वर्षी नियम बदलला. दहा वर्षं एकत्र राहत असाल तर सातव्या रकान्यात विवाहित लिहा, असं पुस्तिकेत स्पष्ट दिलंय. टीप चौदा. तुम्हाला माहीत नव्हतं? तुमचा तर हाच धंदा आहे."

बाईंनी मान हलवली. हो की नाही, ते कुणालाच कळलं नाही.

"नुसतं अविवाहित असतं तर मी म्हटलं असतं, जुन्या सवयीने लिहीत राहिले. पण इथे तुम्ही दोघांनी लेखी नाकारलंय. 'तसा आमचा दावाही नाही.' याच्यावरून मी कसा पलीकडे जाऊ?" मग आवाज खाली आणून त्याने विचारलं, "ही सही त्यांनी कुणाच्या दबावाखाली केली होती का? तसं असेल तर मला वेगळा विचार करता येईल."

"हो. दबाव होता."

"कुणाचा?"

"माझा."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. त्याला मदत करायची होती आणि ही बाई एकेक दार स्वतःच्या हाताने लावत सुटली होती. पण बाईंना दुसरं काही येतच नव्हतं. विचारलं की आहे ते सांगायचं, एवढंच येत होतं.

निकाल दोन आठवड्यांनी आला. अर्जदार ही मृताची पत्नी असल्याचे सिद्ध होत नाही. महिनाअखेर घर रिकामे करावे.

त्या दिवशी बाई दुकानात गेल्या आणि टेबलाचा खालचा खण उघडला. करकचेरीकडून दर वर्षी प्रत्येक परवानाधारकाला पुस्तिका येई. बाईंना फॉर्म पाठ होता, त्यामुळे त्या पुस्तिका जशा आल्या तशा खणात पडल्या होत्या, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. त्यांनी आठ वर्षांपूर्वीची शोधून काढली आणि वेष्टन फाडलं. टीप चौदा चार ओळींची होती. भाषा अगदी सोपी होती. कुणालाही समजली असती. वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याला पहिल्या वाचनात समजली होती.

मग त्यांना हॉटेलच्या मुदपाकखान्यात काम करणारी दोघं आठवली. चारेक वर्षांपूर्वी आली होती. बारा वर्षं एकत्र राहतो म्हणाली होती, विवाहित लिहा म्हणाली होती. बाईंनी त्यांना सगळ्यांदेखत फैलावर घेऊन अविवाहित लिहायला लावलं होतं. पोरगी कानकोंडी होऊन खाली बघत बसली होती. ती दोघं पुढच्या वर्षी आली नाहीत. त्यांना आता कुठे शोधायचं, आणि सापडली तर काय सांगायचं? बाई रडल्या त्या इथे. घराच्या निकालावर त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

महिना संपायला चार दिवस असताना धाकटा भाऊ पुन्हा आला, दुकानातच. मेलेल्या माणसाचंही त्या वर्षाचं शेवटचं विवरणपत्र द्यावं लागतं आणि वारस म्हणून ते त्याच्या गळ्यात पडलं होतं. कोरा फॉर्म त्याने टेबलावर ठेवला.

"तुम्हीच भरा वहिनी. दुसऱ्या कुणाकडे गेलो तर दादा वरून शिव्या घालेल." मग जरा घुटमळून म्हणाला, "आणि घराचं म्हणाल तर माझ्याकडे चला. जागा लहान आहे, पण भागवू."

"महिलांच्या वसतिगृहात खाट घेतलीय मी," बाई म्हणाल्या. "पावत्या आणल्यात का?"

त्याने आणल्या होत्या. भाऊ भावासारखा नव्हता तर. बाईंनी फॉर्म भरायला घेतला. नाव. जन्मतारीख. मृत्यूची तारीख. पत्ता, जो आणखी चार दिवस खरा होता. सातव्या रकान्याशी येऊन पेन थांबलं. 'मृत्यूच्या दिवशी वैवाहिक स्थिती.' मंडळाचा निकाल पर्समध्येच होता. त्याच्यापुढे इथे काय लिहायचं ते स्पष्ट होतं. दुसरं काही लिहिलं तर ते खोटं निवेदन, आणि खाली फॉर्म भरणाऱ्याचा परवाना क्रमांक असतो.

बाईंनी लिहिलं, विवाहित. पत्नीचं नाव लिहिलं. पत्नीच्या व्यवसायात आठ वर्षांपूर्वीचं त्याचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं. सूट मात्र घेतली नाही. त्या ओळीत शून्य टाकलं. खाली परवाना क्रमांक घातला आणि भावापुढे कागद सरकवला. "फुली आहे तिथे सही करा. अडचण आली तर माझ्यावर येईल, तुमच्यावर नाही."

भावाने वाचलं. सही केली.

करकचेरीतल्या खिडकीवरचा कारकून बाईंना पंचवीस वर्षं ओळखत होता. त्यांचे फॉर्म तो न वाचताच घेई. आज कसा कोण जाणे, त्याची नजर सातव्या रकान्यावर गेली. निकाल त्याच्याही कानावर आलेला होता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "हे राहू दे असंच? वर तपासणीत नोटीस निघेल. परवाना जाईल हो." त्याने ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढून खिडकीतून पुढे केला. "दुरुस्तीपत्र देतो. आत्ताच्या आत्ता लिहून द्या, मी सोबत लावून टाकतो. कुणाला कळणारही नाही."

बाईंनी तो कागद त्याच्याकडे परत सरकवला. "दुरुस्ती करून झाली माझी. एकदा केली तेवढी बास."

कारकुनाने जरा वाट पाहिली, मग शिक्का मारला आणि पोच फाडून दिली. बाई जिना उतरून खाली आल्या. भावाला म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी येते."

जिन्याखालचा सूचना फलक होता तिथेच होता. काचेच्या आत सहा जोडप्यांचे कागद लावलेले होते, एक कडेने पिवळा पडत चाललेला. पंधरा वर्षं या फलकासमोरून बाई मान खाली घालून गेल्या होत्या. आज त्या उभ्या राहिल्या आणि सगळे कागद वाचले. नावं, वयं, पत्ते. त्यात एक जोडपं एकसष्ट आणि अठ्ठावन्न वर्षांचं होतं.

कचेरीची वेळ होती. जिन्यावर सारखी वर्दळ चालली होती. बाई फलकाला पाठ टेकून तिथे पाऊण तास उभ्या राहिल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडे बघत राहिल्या. माणसं फाइली सांभाळत, रांगेत नंबर लागेल की नाही याची काळजी करत जात होती. त्या पाऊण तासात एकानेही त्या काचेकडे वळून पाहिलं नाही.